पन्नास मीटर, पण कुठून?

पाणथळ जागांच्या बाबतीत आपलं सरकार भलतंच हळवं आहे. केंद्राचे २०१७ सालचे नियम वाचा, डोळे पाणावतील. नियम लागू झाले त्याआधीच्या दहा वर्षांतल्या पुराच्या सरासरी पातळीपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम करायचं नाही. अपवाद एकच, होडीच्या धक्क्याचा. इतकी निग्रही भाषा आमच्या लहानपणी फक्त ब्रह्मचर्याच्या पुस्तकात असायची. आणि पाळलीही तितकीच जायची.

आता पाणथळ कशाला म्हणायचं ते बघा. भातखाचर? नाही. मिठागर? नाही. पिण्याच्या पाण्यासाठी, मासे पाळायला, शेताला पाणी द्यायला किंवा नुसती करमणूक म्हणून माणसाने खणलेलं तळं? नाही, नाही, नाही आणि नाही. वनजमीन, अभयारण्य, सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र? तिथे हे नियम लागूच नाहीत, तिकडचे वेगळे. हे सगळं वजा जाता जे उरेल, ते एकतर जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत हवं, नाहीतर सरकारने अधिसूचित केलेलं हवं. ‘नेति नेति’ करत उपनिषदकार ब्रह्मापर्यंत पोचले होते. आपले नियमकर्ते त्याच वाटेने बिल्डरच्या प्लॉटपर्यंत पोचले.

बरं, सीआरझेडच्या दारात जाऊ. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं की जमीन कोणाची आणि केवढी ते विचारू नका, तिवरांच्या सगळ्या बाजूंनी पन्नास मीटरच्या आत बांधकाम नाही. इतकं सरळ मराठी माणसालाही कळतं. मग जानेवारी २०१९ मध्ये केंद्राची नवी किनारा अधिसूचना आली. तिच्या मते पन्नास मीटरचा पट्टा हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनालाच, आणि खाजगी जमिनीतल्या तिवरांना तर नाहीच! म्हणजे तिवराच्या शेंगेने चिखलात रुजण्याआधी तलाठ्याकडे जाऊन सातबारा तपासायचा. खाडीकाठचा शंभर मीटरचा पट्टाही याच अधिसूचनेने पन्नासवर आणला. समुद्र पुढे येतोय म्हणतात. आपणही चार पावलं पुढे जाऊन त्याचं स्वागत नको करायला?

एकाच झाडाबद्दल असे दोन कागद. साहेबांच्या टेबलावर त्यातला कुठला वर असतो, हे तुम्हाला मी सांगायला हवं?

पाणथळ नाकारण्याची ही विद्या पाहायची असेल तर नवी मुंबईला जा. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. छान. पण भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो, पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. मग ते उडून नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर येतात, म्हणजे अभयारण्याच्या हद्दीबाहेर. हद्दीचा नकाशा त्यांना कोणी दाखवला नसावा. आणि या तळ्यांबद्दल नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची भूमिका काय राहिली? ही पाणथळ नव्हेच. भरतीचं पाणी येतं, शेवाळ येतं, पक्षी येतात. पाणथळ तेवढी येत नाही. २०२४ मध्ये यातल्याच डीपीएस तलावात भरतीचं पाणी शिरण्याचे मार्ग बुजले, तळं वाळलं, त्या भागात फ्लेमिंगो मेले. इकडे शहर मात्र रंगवलेल्या भिंतींवरून ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणून मिरवतंच आहे.

माझं म्हणणं एवढंच की भांडण पन्नास मीटरचं नाहीच. ते पन्नासचे पाचशे करा, कोणाचं काही बिघडत नाही. टेप जिथून धरायची ती रेघच कोणी आखत नाही, आणि आखेपर्यंत भरावाचे डंपर थांबत नाहीत. रात्री डेब्रिज पडतं, पावसाळ्यात त्यावर गवत उगवतं, पुढच्या पाहणीत अहवाल येतो की जागा कोरडी आहे. अहवाल खोटा नसतो हो! जागा खरोखरच कोरडी असते.

या सगळ्या कारभारात पाणथळ मनापासून मान्य करणारा एकच प्रामाणिक दस्तऐवज मला आढळला आहे. बिल्डरचं ब्रोशर. सरकारदरबारी जिथे डबकंसुद्धा नाही, तिथे ब्रोशरमध्ये गुळगुळीत कागदावर तळं चमकतं, गुलाबी पक्षी उभे असतात आणि ‘लेक व्ह्यू’चे जादा पैसे लागतात.

तेव्हा तिकडे फ्लॅट बघायला गेलात तर ब्रोशर फेकू नका. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून ज्याने आगाऊ पैसे भरले आणि ज्याचं नुकसान झालं, त्याला घरबांधणीवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या १२व्या कलमाखाली भरपाई मागता येते. बिल्डरला विचारा, लेखी विचारा, की चित्रातलं तळं खरं की खोटं. खरं म्हणाला तर त्या उत्तराची एक प्रत वनखात्याच्या कांदळवन कक्षाला पाठवा. खोटं म्हणाला तर रेराला.