'सामना' बघून टाळ्या वाजवल्या. आता सभेत तोंड कोण उघडणार?

गेल्या शनिवारी रात्री आमच्या समाजमंदिरात 'सामना' दाखवला. ग्रुपवर घाईत एवढंच टाकलं होतं, 'शनिवारी 8 वाजता सामना, सर्वांनी यावे.' लगेच पोरांचे मेसेज सुरू. कुणाचा सामना? भारताचा का? मोठा पडदा आहे का? म्हटलं, बाबांनो, क्रिकेटचा नाही, सिनेमा आहे. 1975 सालचा. यंदा 50 वर्षं झाली त्याला.

तरी सत्तर-ऐंशी माणसं आली. पोरं अर्ध्या तासात उठतील असं वाटलं होतं, कारण सिनेमा कृष्णधवल आणि मारामारी नाही. पण शेवटपर्यंत कुणी हललं नाही.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साखर कारखान्याचं गाव. तिथला सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले. दारूच्या आहारी गेलेला एक जुना स्वातंत्र्यसैनिक मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू, फिरत फिरत त्या गावात येऊन पडतो. हिंदुराव त्याला घरी नेतो, खाऊ-पिऊ घालतो. मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव येतं आणि त्या माणसाचं पुढे काय झालं, हे तो विचारत सुटतो. बस्स, एवढाच सिनेमा. लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्माते रामदास फुटाणे. आणि दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, ज्यांनी आपल्या शेजारच्या दौंडात लहान मुलांचे डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस केली. त्याच साली बर्लिनच्या महोत्सवात हा सिनेमा स्पर्धेत होता. आणि आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या पोरांना तो क्रिकेटचा सामना वाटतो. चूक पोरांची नाही, आपण कधी दाखवलाच नाही.

मोठ्या शहरात पन्नाशीचा खेळ झाला की कलाकारांना बोलावतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो होतात. आमच्यातल्या एकाने हौसेने विचारलं, आपण कुणाला बोलवायचं? निळूभाऊ 2009 ला गेले, डॉ. लागू 2019 ला. स्मिता पाटील तर 1986 लाच. त्यांचं यात छोटं काम आहे. मारुती कांबळे झालेले डॉ. मोहन आगाशे आहेत, जब्बार पटेल आहेत, पण आमच्या चार खुर्च्या आणि उसना प्रोजेक्टर बघून बोलवायचं धाडस झालं नाही. तेव्हा मागून एक म्हातारबाबा म्हणाले, "कलाकार कशाला बोलावताय? समोर बसलेत की सगळे."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाऊन झोप लागली नाही.

बारामती-इंदापुरात माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, निरा-भीमा असे सहकारी कारखाने आहेत. मी यातल्या कुठल्या कारखान्याबद्दल बोलतोय ते सांगणार नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटल्यासारखे हसतात, आणि ही गोष्ट एका कारखान्याची नाहीच.

हिंदुराव हा काही केस पिंजारलेला व्हिलन नाही. तो कामाचा माणूस आहे. गावात उभं केलेलं सगळं तो मास्तरला अभिमानाने दाखवतो, आणि तो अभिमान खोटा नाही. आपल्याकडेही तसंच आहे. 1950 साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, त्या वाटेने आपलेही आले. शाळा आल्या, कॉलेजं आली. मी स्वतः कारखान्याच्या शाळेत शिकलो. माझ्या बहिणीचं लग्न उसाच्या बिलावर झालं. हे उपकार मी विसरत नाही. पण खरी अडचण तिथेच आहे. वाईट माणसाला जाब विचारायला फार हिंमत लागत नाही. ज्याने आपलं भलं केलं, त्याला विचारताना जीभ जड होते. आपल्याला वाटतं, प्रश्न विचारला म्हणजे खाल्ल्या मिठाला जागलो नाही. 'सामना' बघताना मला तरी हेच दिसलं.

आता माझं सांगतो. पंधरा-सोळा वर्षं झाली या गोष्टीला. माझा सव्वा एकर 86032 तोडीला आला होता. बीडकडची टोळी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. रात्री भरून निघालेल्या दोन ट्रॉल्यांपैकी मागची ट्रॉली चारीच्या वळणावर कलंडली. मोळ्यांवर एक जोडी बसली होती. बाई वाचली, माणूस गेला. पहाटेच्या आत मुकादमाने टेम्पो बघितला आणि प्रेत, ती बाई आणि तिची दोन लेकरं गावाकडे रवाना केली. तिसऱ्या दिवशी दुसरी टोळी आली. माझा उरलेला ऊस तुटला. वजन चांगलं निघालं, बिलही वेळेत जमा झालं.

मी कुणाला काही विचारलं नाही. ना मुकादमाला, ना गट ऑफिसला. विचारलं असतं तर तोड लांबली असती, ऊस वाळला असता, असा हिशोब डोक्यात होता. सिनेमातल्या मारुती कांबळेचं नाव निदान 50 वर्षं टिकलं. माझ्या रानात मेलेल्या माणसाचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं. माझ्या हातातल्या स्लिपवर माझं नाव होतं, गट नंबर होता, उसाची जात होती. त्याचं नाव नव्हतं.

ते असणारही नव्हतं. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा व्यवहार मुकादमाशी, मुकादमाची उचल कोयत्याला. माणूस मेला की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो, आणि शेवटचं बोट मेलेल्याकडे जातं. 'वर बसलाच कशाला?'

पैशाच्या बाबतीत आपण किती जागे आहोत बघा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत पैसे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, हे आपल्या पारावरच्या कुणालाही विचारा, तोंडपाठ आहे. असायलाच पाहिजे, हक्काचा पैसा आहे. यंदा मे-जूनमध्ये छत्रपती आणि माळेगावच्या निवडणुका झाल्या तेव्हा रान कसं पेटलं होतं! भावाचा प्रश्न, काट्याचा प्रश्न, कुणाचं पॅनेल, कुणाचं चिन्ह. ऊस तोडणारा माणूस कुणाच्या भाषणात मला तरी ऐकू आला नाही. त्याचं इथे मत नाही ना.

आता सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होतील. दरवर्षी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. विषय वाचायचा, मागून 'मंजूर, मंजूर', मग जेवण. मीही वर्षानुवर्षं 'मंजूर' ओरडत आलोय.

यावेळी मी लेखी प्रश्न देणार आहे. तीनच प्रश्न. गेल्या हंगामात आपल्या कार्यक्षेत्रात ऊसतोड मजुरांचे किती अपघात झाले आणि किती जण दगावले, नावांसह. त्यांच्या घरच्यांना काय मिळालं आणि कुणाकडून. आणि येत्या हंगामापासून प्रत्येक टोळीतल्या प्रत्येक माणसाचं नाव कारखान्याच्या रजिस्टरला आणि विम्याला लागणार का.

यात कुणाचा राजीनामा मागितलेला नाही, कुठल्या पॅनेलचा झेंडा नाही. तरी काय झालं बघा. शनिवारी सिनेमा संपल्यावर तिथल्या तिथे नऊ जणांनी सह्या केल्या. रविवारी सकाळी एक जण घरी आला, चहाला हात न लावता म्हणाला, "भाऊ, माझं नाव तेवढं खोड. नोंद उशिराची आहे, तोड मागं पडायची." मी खोडलं. त्याला काय बोलणार? पंधरा वर्षांपूर्वी मी तोच हिशोब केला होता.

राहिले आठ. आमच्या अर्जाने काही क्रांती होणार नाही. कदाचित 'हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही' एवढंच उत्तर मिळेल. मिळू दे. पण प्रश्न इतिवृत्तात तरी यावा, एवढाच आग्रह आहे. आणि पुढच्या हंगामात माझ्या रानात जी टोळी येईल, तिच्यातल्या प्रत्येकाचं नाव मी पहिल्या दिवशी वहीत लिहून घेणार आहे. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. तुम्हीही लिहा.

अर्ज मंगळवारी देतोय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी सोमवारी संध्याकाळी दूध घालायला याल तेव्हा डेअरीपाशी भेटा. सभासद नंबर घेऊन या. आणि आधी घरी विचारून या, म्हणजे परत खोडायला लागणार नाही.