चित्र राहिलं, गोष्ट गेली



गेल्या थँक्सगिव्हिंगला आमच्या नातीने शाळेतून एक कागद आणला. कागदावर पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, अंगठ्याला चोच काढायची, की झाला टर्की तयार! इथल्या घराघरांतल्या फ्रिजवर असा एखादा पक्षी चिकटवलेला असतोच. आम्ही "वा, छान!" म्हणून चहाकडे वळलो, तर बाईसाहेब म्हणाल्या, "आबा, तो पळतोय. फार्मर त्याच्या मागे आहे!" फार्मर कागदावर नव्हताच. पण तिने सांगितल्यावर आम्हालाही तो दिसायला लागला.

इंडोनेशियात सुलावेसी नावाचं बेट आहे. तिथल्या गुहांमध्येही असेच पंजे आहेत. भिंतीवर हात टेकवायचा, त्याच्याभोवती रंग उडवायचा आणि हात काढून घ्यायचा. हात गेला, पंजा राहिला. याच बेटावरच्या लिआंग कारामपुआंग गुहेत एक रानडुक्कर आणि त्याच्याजवळ माणसांसारख्या तीन आकृती रंगवलेल्या आहेत. चित्रावर साचलेल्या चुन्याच्या थरातल्या युरेनियमवरून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला आणि २०२४ साली जाहीर केलं, की हे चित्र निदान ५१,२०० वर्षांपूर्वीचं आहे. नुसतं डुक्कर असतं तर ते चित्र झालं असतं. डुकराभोवती माणसं काहीतरी करताहेत म्हटल्यावर ती गोष्ट झाली. पण कसली? शिकारीची? देवाची? सांगणारं कुणी उरलेलं नाही.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? भोपाळजवळचं भीमबेटका घ्या. १९५७ साली उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांना आगगाडीतून जाताना हे खडक दिसले आणि ते तिथे जाऊन पोहोचले. माळव्यातल्या मराठी घरातला हा माणूस. खडकांवरच्या चित्रांसाठी त्यांनी आयुष्यभर पायपीट केली. २००३ साली युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथल्या चारशेहून अधिक शैलाश्रयांत लाल-पांढऱ्या रंगांत हरणं आहेत, गवे आहेत, शिकारी आहेत, नाचणारी माणसं आहेत. काही ठिकाणी तर जुन्या चित्रावरच पुढच्यांनी आपलं चित्र काढलंय. आणि जागेचं नाव काय? भीमाची बैठक! आमची आपली अटकळ अशी, की मूळची गोष्ट हरवली, तेव्हा लोकांनी तिथे भीमाला आणून बसवलं. जागा रिकामी कशी ठेवणार?

हे सगळं आम्हाला आठवायचं कारण वेगळंच. परवा माळ्यावरून जुना अल्बम काढला. आमच्या आजोबांच्या वाड्यातला एक फोटो. ओटीवर दहा-बारा माणसं, आणि कडेला नऊवारीतली एक बाई, एकटीच हसणारी. नातीने तिच्यावर बोट ठेवलं, "ही कोण?" आम्हाला सांगता येईना. आईला नक्की ठाऊक असणार. पण आई जाऊन सहा वर्षं झाली. दर रविवारी फोन करत होतो हो आम्ही! तब्येत विचारली, पाऊस विचारला, गॅसचा सिलिंडर मिळाला का विचारलं. हे मात्र विचारायचं राहिलं.

गुहेतल्या माणसांचं समजू शकतो, त्यांच्याकडे लिपी नव्हती. आमच्याकडे बाराखडी होती, टेलिफोन होता, आणि आई होती.

म्हणून आता रोज रात्री अल्बममधला एक फोटो घेतो आणि आम्हाला माहीत आहे तेवढी त्याची गोष्ट नातीला सांगतो. गोष्ट मराठीत, हुंकार इंग्रजीत. चालायचंच. हसणाऱ्या बाईचं पान आलं, की ती स्वतःच काहीतरी रचून सांगते. ऐकायला मजा येते, पण पोटात तुटतं.

तुमच्या अल्बममधली माणसं ओळखणारं कुणी पुण्यात, साताऱ्यात, नागपुरात अजून असेल ना? मग या रविवारी हवापाण्याचं जरा लवकर आटपा, अल्बम मांडीवर घ्या आणि विचारा, "ही कोण?"