कळ नसलेली चूल

रात्री सगळे झोपायला गेले की आमच्या घरी एक शेवटची फेरी होते. अम्मी स्वयंपाकघरात जातात, गॅसच्या शेगडीची बटणे हाताने चाचपतात, खाली वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करतात आणि मगच दिवा मालवतात. ही फेरी आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. घरात सून आली, नातवंडे झाली, तरी ती दुसऱ्या कोणाच्या हाती गेलेली नाही.

गेल्या सुट्टीत सातवीतला भाचा राहायला आला होता. एका संध्याकाळी तो अंतराळातील एक चित्रपट पाहत बसला. त्यात एक भलेमोठे अंतराळस्थानक होते आणि त्याच्या पोटात वीज पुरवणारे कृष्णविवर. मध्येच धोक्याची घंटा वाजली, लाल दिवे लागले, माणसे पळू लागली. भाच्याने मान वळवून विचारले, "मामू, हे बंद कुठून करतात?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने मात्र पाठ सोडली नाही. थोडे वाचन केले, थोडी आकडेमोड केली, आणि लक्षात आले की मुलाने नेमके मर्मावर बोट ठेवले आहे.

कृष्णविवर हा शब्द मराठी घरांना नवा नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली, तिचे नावच 'कृष्णविवर' होते. पण या शब्दाभोवती एक गैरसमज घट्ट बसला आहे. कृष्णविवर आसपासचे सारे काही ओढून गिळते, असे आपण समजतो. तसे नाही. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तर पृथ्वी आजच्याच वाटेने फिरत राहील. उजेड आणि ऊब जाईल, पण आपण खेचले जाणार नाही. अंतर राखले तर कृष्णविवर शेजारी म्हणून शांत असते.

मग त्यातून वीज कशी मिळवणार? पहिला मार्ग रॉजर पेनरोज यांनी १९६९ साली सुचवला. कृष्णविवर स्वतःभोवती फिरत असेल, तर त्या फिरण्यात प्रचंड ऊर्जा साठलेली असते. त्याच्या जवळच्या प्रदेशात एखादी वस्तू सोडायची, तिथे तिचे दोन तुकडे करायचे, एक आत पडू द्यायचा आणि दुसरा बाहेर घ्यायचा. बाहेर येणारा तुकडा मूळ वस्तूपेक्षा जास्त ऊर्जा घेऊन येऊ शकतो. हिशेब पक्का होता, पण दोन्ही तुकड्यांना एकमेकांपासून प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फेकावे लागेल, ही अडचण पुढे आली. १९८५ साली संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधीच या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवले, की कृष्णविवराभोवती चुंबकीय क्षेत्र असेल तर ही अडचण दूर होते. यांपैकी धुरंधर आणि दधीच यांचे पुढचे काम पुण्याच्या आयुका संस्थेत झाले.

१९७३ साली निघालेल्या 'ग्रॅव्हिटेशन' या जाडजूड पाठ्यपुस्तकात तर कृष्णविवराभोवती वसवलेल्या एका शहराची कल्पना आहे. शहराचा रोजचा कचरा विवराकडे सोडायचा आणि त्या बदल्यात वीज घ्यायची. आपल्या नगरपालिकांना हेवा वाटावा अशीच ही योजना!

पण या मार्गाला ताऱ्याएवढे अवजड कृष्णविवर लागते. ते कोणी घरी आणू शकत नाही, आपणच त्याच्या दारी जायला हवे. भाच्याच्या चित्रपटातले कृष्णविवर स्थानकाच्या पोटात होते, म्हणजे फार लहान. तिथे सगळा खेळ उलटा होतो.

स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ साली मांडले, की कृष्णविवर पूर्णपणे काळे नसते. त्यातून मंद किरणोत्सर्ग होत असतो आणि तेवढे त्याचे वस्तुमान घटत असते. खऱ्या कृष्णविवरातून निघणारा हा किरणोत्सर्ग अजून कोणी मोजलेला नाही, पण बहुतेक शास्त्रज्ञ हे गणित मान्य करतात. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की कृष्णविवर जितके लहान, तितके ते तापलेले. वस्तुमान निम्मे झाले की तापमान दुप्पट, बाहेर पडणारी शक्ती चौपट आणि उरलेले आयुष्य आठव्या हिश्श्यावर.

हे वाचून आम्ही थोडा वेळ थांबलो. आपल्या ओळखीची प्रत्येक चूल संपत आली की थंड होते. लाकूड जळाले की निखारा राहतो, निखाऱ्याची राख होते. बॅटरी उतरली की टॉर्चचा उजेड पिवळा पडतो. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर याने प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालतात. ती उष्णताही बंद करता येत नाही, पण वर्षागणिक ती मंद होत जाते, सुमारे ८८ वर्षांत निम्म्यावर येते. लहान कृष्णविवर ही एकच चूल अशी, की जी विझता विझता वणवा होते. इतर ठिकाणी इंधन संपत आले म्हणजे गैरसोय. इथे इंधन संपत आले म्हणजे संकट.

लुई क्रेन आणि शॉन वेस्टमोरलँड या दोघांनी २००९ साली यानासाठी योग्य अशा कृष्णविवराचा हिशेब मांडला. वस्तुमान सुमारे ६ लाख टन. आकार प्रोटॉनपेक्षाही सुमारे ९०० पटींनी लहान. शक्ती १६० पेटावॉट, म्हणजे साऱ्या पृथ्वीवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या जवळपास. आयुष्य साडेतीन वर्षे.

आता हे सांभाळायचे कसे? पहिली अडचण, ठेवायचे कशात? प्रोटॉनहून लहान आणि ६ लाख टन वजनाच्या वस्तूला कुठल्याच भांड्याचा तळ अडवू शकत नाही. आज पृथ्वीभोवती फिरणारे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक सुमारे ४२० टनांचे आहे. म्हणजे स्थानकात कृष्णविवर ठेवणे ही केवळ बोलण्याची पद्धत झाली. प्रत्यक्षात स्थानकालाच कृष्णविवराच्या मागे फरफटत जावे लागेल. बैल गाडीत बसवता येत नाही, गाडीच बैलाला जोडावी लागते.

दुसरी अडचण खाऊ घालण्याची. ते भडकू नये म्हणून जेवढे वस्तुमान घटते तेवढे परत भरायला हवे. वरच्या आकड्यांवरून आम्ही हिशेब केला, तर दर सेकंदाला सुमारे पावणेदोन किलो होतात. एवढा घास सुईच्या नेढ्याहून अब्जावधी पटींनी लहान तोंडात टाकायचा, तोही त्या तोंडातून आग ओकली जात असताना, आणि रात्रंदिवस एक सेकंदही न चुकता. सणाला सुट्टी नाही, आजारपणाला रजा नाही.

आणि बंद करायची कळ? ती नाहीच. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच. उपासमार केली तर ते अधिक तापते. तोडू म्हटले तर तोडता येत नाही. साध्या सूत्राने पाहिले, तर शेवटच्या एका सेकंदात सुमारे २२८ टन वस्तुमानाची ऊर्जा होऊन बाहेर पडते. त्यामुळे सांभाळणाऱ्याच्या हाती खरा निर्णय एकच उरतो : ते तापण्याच्या कितीतरी आधी, शांत असतानाच, माणसांपासून दूर नेऊन सोडणे. आणि त्यासाठी लागणारे बळ, वाट आणि तारीख पहिल्याच दिवशी ठरवून ठेवणे.

कोणी म्हणेल, ही सारी कल्पनेतली गोष्ट, तिची काळजी आपण का करावी? कारण शेवटाची तरतूद फसली तर काय होते, हे माणसाने याच अंतराळात पाहिले आहे. सोव्हिएत संघाने १८ सप्टेंबर १९७७ रोजी कॉसमॉस ९५४ नावाचा उपग्रह सोडला. समुद्रावरील जहाजांवर रडारने पाळत ठेवणे हे त्याचे काम. त्यासाठी लागणारी वीज एका लहान अणुभट्टीतून मिळे. तीत सुमारे ३० किलो समृद्ध युरेनियम होते. काम संपले की अणुभट्टीचा भाग वेगळा करून खूप उंच कक्षेत ढकलायचा, तिथे तो शेकडो वर्षे फिरत राहील आणि निवत जाईल, अशी योजना होती. योजना वाईट नव्हती. पण उपग्रह काबूत राहिला नाही आणि ढकलण्याची वेळ आली तेव्हा ते जमले नाही.

२४ जानेवारी १९७८ रोजी कॉसमॉस ९५४ कॅनडाच्या वायव्य भागात, बर्फाळ प्रदेशात कोसळला. किरणोत्सारी तुकडे शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरले. कॅनडा आणि अमेरिकेच्या पथकांनी सुमारे १ लाख २४ हजार चौरस किलोमीटर मुलूख पालथा घातला. शोध ऑक्टोबरपर्यंत चालला, तरी इंधनाचा फार थोडा अंश हाती लागला. कॅनडाने ६० लाख डॉलरहून अधिक भरपाई मागितली. १९८१ साली ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. त्या मुलुखात शिकार आणि मासेमारीवर जगणारी मूळची माणसे राहत होती. त्या उपग्रहाचे नावही त्यांनी ऐकले नव्हते. रडार कोणाचे, वीज कोणाची आणि तुकडे कोणाच्या अंगणात!

यातून बोध घ्यायचा तो आम्हाला असा वाटतो. शक्ती मिळवणे ही अर्धीच हुशारी आहे. जी वस्तू आपण पेटवतो, ती विझेपर्यंत आपल्याकडची अमानत असते, आणि तिच्या जवळ राहणाऱ्यांचा जीवही. अणुभट्टी असो, रसायनांचा कारखाना असो की घरातली इन्व्हर्टरची बॅटरी, 'यातून किती मिळेल' याआधी 'हे संपताना काय होईल, आणि तेव्हा हे कोण सांभाळेल' हे विचारायला हवे. हे विचारणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो. खरे तर घरात जबाबदार माणूस तोच असतो.

भाच्याला आम्ही हे सगळे फोनवर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे मामू, ज्याला बटण नाही ते आणायचंच नाही!"

आम्ही म्हटले, "आणायचे असेल, तर परत न्यायची वाट आधी बांधायची."

त्या रात्री अम्मींच्या मागोमाग आम्हीही स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी रेग्युलेटर बंद केला, तो बंद झाल्याची हाताने खात्री केली. आम्ही विचारले, "अम्मी, रोज तोच रेग्युलेटर, रोज काय पाहता?" त्या म्हणाल्या, "रोज बंद होतो म्हणून आजही झाला असेल, असं कसं समजू?"