सभा थांबली, वार्ताही थांबली

जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडून आलेल्या ६७ सभासदांच्या जागी मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक म्हणून बसले. धुळे जिल्हा परिषदेच्या ५६ सभासदांची मुदत २०२५च्या प्रारंभी संपली आणि तेथेही तेच घडले. पंचायत समित्यांचा कारभार गटविकास अधिकाऱ्यांकडे गेला. आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, प्रभागरचनेचा घोळ होता, आणि या सर्वांच्या आड काही महिन्यांची म्हणून केलेली सोय जळगावात तीन वर्षांहून अधिक काळ चालली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयालाच राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत उरकण्यास सांगावे लागले, आणि तेवढ्यानेही भागले नाही म्हणून पुढे ३१ जानेवारी २०२६ ही मुदत घालून द्यावी लागली.

या प्रकरणाची चर्चा बहुधा पक्षांच्या बलाबलाच्या अंगाने होते. कोणाचे गट फुटणार, कोणत्या जागा राखीव होणार, अध्यक्षपद कोणाकडे जाणार, याविषयी चहाच्या टपरीवरही तज्ज्ञ सापडतात. परंतु या रिकाम्या वर्षांत सामान्य रहिवाशाचे जे नुकसान झाले, त्याचा उच्चार क्वचितच होतो. जिल्ह्याच्या कारभाराची बातमीच त्याच्यापर्यंत येईनाशी झाली.

जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून किमान एकदा भरलीच पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे. तिची विषयपत्रिका आधी निघते, सभासद लेखी प्रश्न पाठवतात, खातेप्रमुखांना उत्तरे घेऊन समोर बसावे लागते आणि वार्ताहर बाजूला टिपणे घेत असतात. या सभांत गोंधळ झाला नाही असे नाही; पुष्कळदा तोच अधिक झाला. तथापि त्या गोंधळातूनच कळत असे की अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे संपली आहेत, तमुक शाळेची वर्गखोली दोन पावसाळे गळते आहे, पाणीपुरवठ्याची योजना कागदावर पूर्ण झाली असली तरी नळाला थेंब नाही. दुसऱ्या दिवशी ती बातमी छापून येई आणि ज्या गावाची ती असे त्या गावापेक्षाही शेजारच्या गावाला तिचा उपयोग होई. कारण आपल्याही आरोग्य केंद्राची चौकशी करावी, हे त्यामुळे सुचत असे.

प्रशासकाच्या राजवटीत ठराव होतातच. अंदाजपत्रकही मार्चमध्ये मंजूर होते. मात्र प्रस्ताव तयार करणारे कार्यालय तेच, त्यावर शिफारस करणारेही तेच आणि मंजुरीची स्वाक्षरीही त्याच इमारतीतील. प्रश्न विचारणारा कोणी नसल्यामुळे उत्तर देण्याचा प्रसंग येत नाही, आणि उत्तर नाही तेथे बातमी तरी कसली? यात कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीवर आक्षेप घेण्याचा हेतू नाही. उत्तमातला उत्तम अधिकारी बसवला तरी फाईल बोलत नाही. तिला बोलते करावे लागते.

सभासदाचे आणखी एक काम होते, ज्याचा उल्लेख कोणत्याही अधिनियमात सापडणार नाही. कोणते दार ठोठवावे हे तो सांगत असे. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी वस्तुतः दोन सरकारे नांदतात. एक जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार आणि तलाठी यांचे. दुसरे जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांचे. ही विभागणी जाणूनबुजून केलेली आहे. १८८४च्या कायद्याने लोकल बोर्डे आली तेव्हा त्यांच्या माथ्यावर कलेक्टरच असे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर वसंतराव नाईक समितीने कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवण्याची शिफारस केली, आमदार-खासदारांनाही सभासदत्व दिले नाही, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. विचार थोर होता. पण सामान्य माणसाला त्याची किंमत म्हणून दोन जिने चढावे लागले.

शिष्यवृत्तीसाठी धडपडणाऱ्या विद्यार्थ्याचेच पाहा. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत, वडिलांच्या शाळा सोडल्याचा दाखला जिल्हा परिषदेच्या शाळेत, उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीत, जातीचा दाखला प्रांताच्या सहीने, आणि पडताळणी जिल्ह्याच्या समितीकडे. चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून निघालेल्या मुलाला यातील कोणते काम कोणत्या इमारतीत होते, हे शाळेत कोणी शिकवलेले नसते. तो पंचायत समितीत जाऊन तहसीलचे काम विचारतो, तेथून त्याला परत पाठवतात, आणि एक दिवसाची मजुरी व एस. टी.चे भाडे बुडते. गणातला किंवा गटातला सभासद हा अशा वेळी वाटाड्या असे. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्यावर तर ज्या बायका कचेरीची पायरी चढायला कचरत, त्यांनाही विचारायला कोणी मिळाले. जळगावचे ६७ व धुळ्याचे ५६, आणि प्रत्येक गटात दोन या हिशेबाने पंचायत समित्यांचे २४६, असे एकंदर ३६९ वाटाडे दोन जिल्ह्यांतून नाहीसे झाले. त्यांचे काम कोणावर आले? खिडकीमागच्या कारकुनावर आणि गावच्या शिक्षकावर. ज्या कर्मचाऱ्याने टपाल पाहायचे, तो दिवसभर माणसांना दुसरी खिडकी दाखवत बसतो, आणि मग काम रखडल्याचा दोषही त्याच्याच माथी मारला जातो.

यावर हमखास दिले जाणारे उत्तर म्हणजे, आता सर्व काही संगणकावर आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला; त्यानुसार प्रत्येक कार्यालयाने आपल्या सेवा, त्या देण्याची मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी यांची यादी सूचनाफलकावर लावणे बंधनकारक आहे. मुदतीत काम झाले नाही किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांत अपील करता येते आणि कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्याच्याही आधी, २००५ च्या विलंब प्रतिबंधक कायद्याने एका टेबलावर फाईल सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहू नये असे सांगून ठेवले आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे चौथे कलम तर कोणी अर्ज करण्यापूर्वीच माहिती प्रसिद्ध करायला सांगते. हे कायदे चांगलेच आहेत. पण ‘आपले सरकार’चे संकेतस्थळ त्याच्याच कामाचे, ज्याला आपल्याला हव्या असलेल्या सेवेचे सरकारी नाव ठाऊक आहे. आणि सूचनाफलकाविषयी काय बोलावे! कोठे त्याची काच फुटलेली, कोठे तो कपाटामागे गेलेला, कोठे वर लावलेला कागद इतका पिवळा की त्यावरील अधिकारी निवृत्त होऊन गेले असावेत.

भाषेचाही प्रश्न आहेच. १९६४ च्या कायद्याने मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली, याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु ‘सक्षम प्राधिकाऱ्याकडे विहित नमुन्यात’ ही मराठी साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातील भिल्ल वस्तीत किंवा यावल-रावेरच्या पावरा पाड्यांत कोणाला उमजावी? अहिराणीत ‘आमनं काम व्हई का?’ इतकेच विचारणाऱ्या म्हातारीला परिपत्रकाची भाषा वाचून दाखवणे, हे उत्तर नव्हे. सभासद तिच्याच बोलीत सांगत असे, हा त्याचा शिक्षणाहून मोठा गुण होता.

प्रशासकाच्या काळात कामे वेगाने होतात, टक्केवारी थांबते, बदल्यांत लुडबूड होत नाही, असे पुष्कळ सुशिक्षितांना मनापासून वाटते. शिक्षकांत तर हे मत विशेष ऐकू येते आणि ते निराधार नाही. बदल्यांच्या मोसमात काही सभासदांनी जे उद्योग केले ते विसरण्याजोगे नाहीत. परंतु ठेकेदाराची मर्जी सभासदांवर होती तेव्हा ती निदान दिसत तरी होती. विरोधी सभासद तिच्यावर ओरडत असे. सभागृह बंद केल्याने ठेकेदार निघून जातो, असा अनुभव आम्हाला तरी ठाऊक नाही. त्याची ये-जा तेवढी कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

शिवाय रिकामे सभागृह ही काही नवी आपत्ती नव्हे. महाराष्ट्रात १९७९ नंतर जिल्हा परिषदांची पुढची निवडणूक झाली ती थेट १९९२ साली. असे होऊ नये म्हणूनच ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेतलीच पाहिजे, हे एप्रिल १९९३ पासून घटनेत लिहिले गेले. धुळ्याच्या वाट्याला तरीही विलंब आलाच. २०१३ साली निवडलेल्या परिषदेनंतरची निवडणूक जानेवारी २०२० मध्ये झाली, आणि मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ५० टक्क्यांच्या मर्यादेचा प्रश्न उभा राहून १५ जागा रद्द झाल्या, त्यांची पोटनिवडणूक त्याच वर्षी ऑक्टोबरात घ्यावी लागली. आरक्षणाचा प्रश्न न्याय्य रीतीने सुटला पाहिजे, यात दुमत नाही. पण तो सुटेपर्यंत जिल्ह्याने मुके राहावे, हे कोणत्या न्यायात बसते?

पैशाच्या बाजूनेही हे मौन महाग पडते. वित्त आयोगाचे अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थांसाठी असते. सभासदच नसतील तर त्या वाट्यावर पाणी सोडावे लागते. जिल्हा नियोजन समितीतील किमान चार पंचमांश सभासद हे जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सभासदांनी आपल्यातून निवडायचे, असे घटनेने ठरवले आहे. निवडणारेच नसले म्हणजे पालकमंत्री, नामनियुक्त मंडळी आणि अधिकारी एवढ्यांतच जिल्ह्याचे वर्षाचे नियोजन आटोपते. परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी २० टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम खर्च व्हायची असते. ती कोणत्या गावी, कोणत्या वस्तूवर आणि किती खर्च झाली, हा प्रश्न पूर्वी प्रत्येक अंदाजपत्रकी सभेत हटकून निघत असे.

सभागृहात सभासद असोत वा प्रशासक, काही गोष्टींना निवडणुकीची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक ठराव, त्याची रक्कम आणि गावाचे नाव यांसह, आठवड्याच्या आत पंचायत समितीच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. प्रशासकाने तीन महिन्यांतून एकदा खातेप्रमुखांसह उघड्या सभागृहात बसावे आणि नागरिकांचे लेखी प्रश्न घ्यावेत; त्यास कोणताही कायदा आडवा येत नाही. प्रत्येक तालुक्याला दोन्ही सरकारांच्या सेवांची एकच पुस्तिका मिळावी, कोणते काम कोणत्या इमारतीत आणि किती दिवसांत, एवढेच सांगणारी, आणि तिच्यातील मजकूर ग्रामसभेत बोलीभाषेत वाचून दाखवावा. जळगावचे पंधरा आणि धुळ्याचे चार तालुके मिळून हे काम फार खर्चाचे नाही. या दोन जिल्ह्यांतील शिक्षकांनी मनावर घेतले तर अशा पुस्तिकेचा मसुदा एका सुट्टीत तयार होईल.

आणि प्रशासकाच्या राजवटीनंतर येणाऱ्या सभागृहाने सत्कार-समारंभ उरकून पहिला विषय हाच घ्यावा: सभासद नव्हते त्या काळात झालेल्या सर्व ठरावांची यादी, खात्यानुसार खर्चासह, पटलावर. त्या यादीवर वार्ताहरांसमोर एक पूर्ण दिवस चर्चा व्हावी.