गाडीचे वय आणि मागचे वजन

व्यापारी घरात जुने वाहन काढून नवे घेण्याचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, चालते आहे तोवर चालवावी. दुसरा म्हणतो, किंमत येते आहे तोवर विकावी. ही दोन्ही वाक्ये पिढ्यान् पिढ्या गादीवर ऐकलेली असतात आणि दोन्ही अर्धवट असतात. त्या गाडीच्या मागे दुसरे काही जोडलेले असेल, तर ती अधिकच अपुरी पडतात. उसाच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडचा शेतकरी ट्रॅक्टर बदलताना ट्रॉल्यांचा विचार आधी करतो, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. मोटारीच्या बाबतीत मात्र तीच माणसे रंग, मायलेज आणि हप्ता यांपलीकडे जात नाहीत.

इंग्लंडमधील एका कुटुंबाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. कुटुंब मूळचे कोल्हापूरकडचे. लेस्टर शहरात तीस वर्षे किराणा दुकान चालवून आता ते मुलाच्या हाती दिलेले. पती-पत्नी दोघे सत्तरीच्या उंबरठ्यावर. दारात २०१३ साली नोंदलेली डिझेल गाडी आणि गावाबाहेरच्या भाड्याच्या आवारात उभी असलेली कॅराव्हॅन, म्हणजे गाडीच्या मागे हुकाला जोडून न्यायचे चाकांवरचे घर. झोपायची जागा, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, सारे आत.

या घराचे वेड ब्रिटनमध्ये जुने आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरने १८८५ साली हौसेखातर घोड्यांनी ओढायचे असे घर बांधून घेतले आणि १९०७ मध्ये अशा हौशी लोकांचा क्लबही निघाला. पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली. आपल्या कुटुंबाने मात्र ती घेतली तेव्हा कारण साधे होते: स्वतःची शेगडी, स्वतःची भांडी आणि स्वतःच्या वेळेला जेवण. प्रवासात खाण्यापिण्याचा नियम पाळणाऱ्या घराला याचे मोल वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारीत गाडीचा क्लच घसरू लागला. गॅरेजवाल्याने क्लच आणि फ्लायव्हील मिळून १,३५० पौंडांचा खर्च सांगितला. गाडी जशी आहे तशी देऊन दुसरी घेतली, तर विक्रेता तिचे २,००० पौंड धरणार होता. घरात चर्चा सुरू झाली. इचलकरंजीहून सूतव्यापारी धाकट्या भावाचा फोन आला. ‘‘दादा, बारा वर्षं झाली गाडीला. आमच्याकडं वहीत गाडी शून्याला आली, की आम्ही काढून टाकतो. तुम्ही पण बदला.’’

येथे एक गोष्ट सांगून ठेवण्यासारखी आहे. भारतात धंद्याच्या मोटारीवर आयकरासाठी साधारणतः दरसाल शेकडा १५ घसारा घटत्या शिलकेवर धरला जातो. या पद्धतीने गाडी वहीत कधीच शून्याला येत नाही. १० लाखांची गाडी १२ वर्षांनंतरही पुस्तकात सुमारे १ लाख ४२ हजारांची उरते. बाजारात ती तेवढ्याला जाईल की निम्म्याला, हे पुस्तकाला ठाऊक नसते आणि पुढच्या वर्षी तिच्यावर किती खर्च येईल, हे तर मुळीच नसते. घसारा करासाठी असतो. गाडी ठेवायची की काढायची, याचे उत्तर त्यात शोधू नये.

दादांची अडचण वेगळी होती. ‘‘गेल्या वर्षीच टायमिंग बेल्ट आणि चार टायर, नऊशे पौंड घातले. आता कशी विकायची?’’ दुकानाचे हिशेब तीस वर्षे ज्यांनी लिहिले, त्या वहिनींनी यावर दिलेले उत्तर बँकेतल्या अनुभवी अधिकाऱ्यालाही मान्य व्हावे असे होते. ‘‘अहो, नऊशे गेले ते गेले, ते काही परत येत नाहीत. पण टायर अजून अंगावर आहेत. पुढची दोन वर्षं ते घ्यावे लागणार नाहीत, तेवढंच धरा.’’ झालेला खर्च हे कारण होऊ शकत नाही. त्या खर्चातून अजून वापरायचे जे शिल्लक आहे, ते होऊ शकते. हा भेद न केल्यामुळे कित्येक दुकानांत पडून राहिलेला माल ‘घेतला तेव्हा महाग होता’ म्हणून आणखी पडून राहतो.

मग वहिनींनी पुढच्या बारा महिन्यांचे दोन रकाने आखले. जुनी ठेवली तर क्लच १,३५०, देखभाल व किरकोळ दुरुस्ती ७००, वर्षभरात उतरणारी किंमत ५००. शिवाय लंडनचा आकार. मुलगी हॅरोला राहते आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सर्व बरोंमध्ये जुन्या डिझेल गाडीला, ती ज्या दिवशी रस्त्यावर येईल त्या प्रत्येक दिवशी, साडेबारा पौंड भरावे लागतात. डिझेलला ‘युरो ६’ मानक लागते आणि ते सर्व नव्या मोटारींना सप्टेंबर २०१५ पासून सक्तीचे झाले; २०१३ ची ही गाडी त्यात बसत नाही. वर्षाच्या आठ फेऱ्या, प्रत्येकी दोन दिवस, म्हणजे २०० पौंड. एकूण २,७५०.

दुसऱ्या रकान्यात चार वर्षे वापरलेली, १९,००० पौंडांची गाडी. जुनीचे २,००० वजा जाता हातातले १७,००० जाणार. तेवढ्या रकमेवरचे शेकडा ४ दराने बुडणारे व्याज ६८०. पहिल्या वर्षात किंमत उतरणार २,६००, विम्याचा जादा हप्ता १५०, देखभाल ३००, ओढण्याचा हुक आणि त्याची विजेची जोडणी ९००. बेरीज ४,६३०. फरक १,८८० पौंडांचा. हातातल्या रकमेचे व्याज लोक बहुधा धरीत नाहीत, कारण ते कोणी मागायला येत नाही. कर्जाचा हप्ता दिसतो, ठेवीचे बुडालेले व्याज दिसत नाही, एवढाच फरक.

इथपर्यंत प्रश्न कोणत्याही गाडीचा झाला. खरा गुंता पुढे आहे. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनवाल्यांना एक सल्ला पहिल्या दिवसापासून दिला जातो: मागच्या घराचे भरलेले कमाल वजन गाडीच्या मोकळ्या वजनाच्या शेकडा ८५ पर्यंत ठेवावे. हा कायदा नाही, शहाणपणाचा संकेत आहे. नवशिक्याने तो पाळावा आणि जुन्याजाणत्यानेही शंभरापुढे जाऊ नये. कायद्याचा आकडा वेगळा. गाडीच्या पाटीवर गाडीचे भरलेले वजन आणि गाडी व मागचे वाहन यांचे मिळून कमाल वजन, असे दोन आकडे कोरलेले असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की ती किती ओढू शकते ते कळते. हा आकडा ठरवताना शेकडा १२ च्या चढणीवर भारासह उभी केलेली गाडी पुन्हा निघते की नाही, तेही पाहिलेले असते. चढणीवर थांबून पुन्हा निघण्यातच क्लचचे आयुष्य खर्च होते. म्हणून अशा गाडीचे मैल इतर गाडीच्या मैलांबरोबर तोलू नयेत.

या कुटुंबाच्या गाडीचे मोकळे वजन १,६५० किलो. त्याचे शेकडा ८५ म्हणजे १,४०२. कॅराव्हॅनचे कमाल वजन १,४००. जोडी जुळलेली. दादांना आवडलेल्या कमी इंधन खाणाऱ्या हायब्रिड गाडीचे वजन मात्र १,४५० होते. तिच्यामागे हेच घर लावले, तर प्रमाण शेकडा ९६ च्या वर जाते. हलकी गाडी, जड शेपूट आणि बाजूने भरधाव गेलेली लॉरी, एवढ्या साहित्यावर मोटरवेवर मागचे घर नागमोडी झुलू लागते. ते झुलणे आवरता आले नाही तर काय होते, हे सांगण्याची गरज नाही. तेथील कायद्याने मोटरवेवर ओढणाऱ्या गाडीला ताशी ६० मैलांची मर्यादा घातली आहे आणि तीन पदरी मोटरवेचा सर्वांत उजवा पदर बंद केला आहे, तो यासाठीच. विजेची गाडी वजनाने भारी असते, पण काहींना ओढण्याची परवानगीच नसते. ज्यांना असते, त्यांचा पल्ला कॅराव्हॅन लावल्यावर सुमारे निम्म्यावर येतो आणि चार्जिंगच्या जागी शिरण्यासाठी पुष्कळदा घर सोडून ठेवावे लागते. थोडक्यात, नवी गाडी घेतली की नवी कॅराव्हॅनही घ्यावी लागेल, अशी पाळी यायची.

दादांनी गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवून खालून पाहिली. दरवर्षीच्या तपासणीत, म्हणजे आपल्याकडच्या पासिंगसारख्या परीक्षेत, मागच्या ब्रेकच्या नळ्यांवर गंज असल्याचा शेरा होता. नळ्या बदलता येतात. झीज आणि गंज यांत हा फरक आहे: क्लच, बुश, नळ्या हे सुटे भाग, पण सांगाड्याला, विशेषतः हुक जेथे बसवलेला आहे त्या पट्टीला गंज लागला, तर ती गाडी ओढण्याच्या कामातून बाद समजावी, मग इंजिन कितीही गोड वाजो. तेथे पत्रा शाबूत होता.

हिशेब दुरुस्तीच्या बाजूने जवळजवळ पुरा झाला होता. तेव्हा वहिनींनी स्वयंपाकघरातली रोजनिशी आणून टेबलावर ठेवली. कॅराव्हॅनमधले मुक्काम त्यात लिहिलेले होते. २०१९ साली ३४ रात्री. साथीची दोन वर्षे सोडून २०२२ मध्ये २७, पुढे १९, गेल्या वर्षी ११. आवाराचे भाडे, विमा आणि देखभाल मिळून कॅराव्हॅनवर वर्षाला १,१०० पौंड जातात. ११ रात्रींना भागले, तर रात्रीला १०० पौंड. त्यात जागेचे भाडे नाही, डिझेल नाही आणि ज्या गाडीवरून हा वाद चालला होता, तिचा एक पैसाही नाही.

दादा बराच वेळ बोलले नाहीत. गुडघ्यांमुळे हुक लावायला वाकणे जड जाते, हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. पण रात्रींच्या आकड्यांनी ते सांगून टाकले होते. ‘‘विकूया म्हणतेस?’’ त्यांनी विचारले. वहिनी म्हणाल्या, ‘‘मी विका म्हटलं नाही. गाडीचं ठरवायच्या आधी हिचं ठरवा, एवढंच म्हणते. ही राहणार असेल तर आपली गाडी बरोबर आहे. ही जाणार असेल तर एवढी मोठी गाडी घ्यायची कशाला?’’

क्रम असा उलटा झाला आणि गुंता सुटू लागला. एकोणीस हजारांची गाडी आज घेऊन दोन वर्षांनी कॅराव्हॅन विकावी लागली असती, तर ओढण्यासाठी निवडलेले वजन, बसवलेला हुक आणि अडकलेले भांडवल सारेच निरर्थक झाले असते. कॅराव्हॅन गेल्यास या दोघांना बाजारहाटापुरती लहान गाडी पुरते आणि ती लंडनच्या नियमातही बसते. एका वर्षाचा अवधी विकत घ्यायला १,३५० पौंड पडणार होते. कागदावर दोन अटी लिहिल्या गेल्या: यापुढे एकावेळी ८०० पौंडांवर दुरुस्ती निघाली तर ती करायची नाही, आणि डिसेंबरअखेर २० रात्री भरल्या नाहीत तर कॅराव्हॅन आधी विकायची. बिघाड झाल्यास मदतीला येणारी कंपनी गाडीबरोबर कॅराव्हॅनही उचलून आणते का, तेही फोन करून विचारले. लांबीची मर्यादा निघाली. त्यांची कॅराव्हॅन तीत बसत होती.

एप्रिलच्या अखेरीस ही जोडी सार्वजनिक वजनकाट्यावर नेली. आयुष्यभर दुसऱ्यांना तोलून माल देणाऱ्या घराने मागचे घर एकदाही तोलले नव्हते. कॅराव्हॅनचे वजन भरले १,४६० किलो, म्हणजे कायदेशीर मर्यादेपेक्षा ६० किलो जास्त. कित्येक वर्षे ती अशीच ओढली गेली असणार, आणि क्लचला दोष गॅरेजवाला वयाचा देत होता. ४० लिटर पाण्याची टाकी रिकामी केली, ४० किलो गेले. दारापुढे उभारायचा ३० किलोंचा तंबू गाडीच्या डिकीत हलवला. मागच्या कपाटातला पिठाचा डबा आणि कुकर चाकांच्या वर आणून ठेवले, कारण मागे जड झालेली कॅराव्हॅन बैलगाडीसारखीच उलाळ होते. हुकावर एकूण वजनाच्या शेकडा ५ ते ७ भार पडला पाहिजे. हुक लावायला नात वाकली. दादांनी नुसते कुलूप तपासले.

मेमध्ये डर्बीशायरच्या चढणीवर गाडी दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा विनातक्रार निघाली. वजनकाट्याची पावती वहिनींनी रोजनिशीत चिकटवली आहे. तिच्याखाली नव्या वर्षाचा रकाना आहे आणि त्यात पहिली नोंद: ३ रात्री.