झटका त्यांना, तक्ता मला

चार वर्षांपूर्वी दिल्लीतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात आमच्या ह्यांना दोन स्टेंट बसवले. घरी सोडायच्या दिवशी आहारतज्ज्ञ बाई खोलीत आल्या. पलंगावर ऐसपैस टेकलेल्या पेशंटला वळसा घालून त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि एक गुळगुळीत रंगीत तक्ता माझ्या हातात ठेवला. "मॅडम, नो ऑइल, नो सॉल्ट, नो कोकोनट." पेशंट मान डोलावत होता. बत्तीस वर्षं केंद्र सरकारात फाइलींवर 'अवलोकनार्थ' लिहून त्या पुढे ढकललेला माणूस. ही फाइलही त्यानं तशीच पुढे सरकवली.

समोसे त्यांनी खाल्ले, कचेरीबाहेरच्या टपरीवर, रोज चार वाजता. सिगारेटी त्यांनी ओढल्या. आणि पथ्याचा तक्ता शिकायचा मी? परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या शेजारणीला पुन्हा पेपर द्यायला बसवण्यासारखं हे आहे. पण दिल्लीतल्या कुठल्याही हृदयविभागाबाहेरच्या बाकड्यांवर नजर टाका. पुरुषाच्या हातात औषधांची पिशवी असते आणि तक्ता असतो बाईच्या हातात.

आता तो तक्ता. त्यात ऑलिव्ह तेल होतं, किनवा होता, ब्रोकोली होती, ओट्स तर दोनदा होते. महिना जानेवारीचा. म्हणजे नोएडापासून नजफगडपर्यंत गल्लीगल्लीत हातगाडीवर बथुआ, मेथी, पालक, सरसों यांचे हिरवे डोंगर लागलेले, गड्डीवर कोथिंबीर-मिरची फुकट. बथुआ म्हणजे आपला चाकवत. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकलेल्या मला हे सातवीतच कळलं होतं, कारण आई ताकातला चाकवत डब्यात द्यायची आणि पंजाबी मैत्रिणी "ये बथुए की कढ़ी है क्या?" म्हणत तो फस्त करायच्या. तक्त्याला मात्र त्या हातगाडीचा पत्ता नव्हता.

खरं म्हणजे हा पत्ता दिल्लीच्याच रुग्णालयांतून लिहिला गेलाय. दिल्ली आणि बंगळूरमधल्या आठ रुग्णालयांत पहिला हृदयविकाराचा झटका आलेले 350 रुग्ण आणि तसा आजार नसलेले 700 जण यांच्या खाण्याची तुलना झाली, 2004 साली ती 'अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन'मध्ये छापून आली. आठवड्यातून साडेतीन वेळा हिरव्या पालेभाज्या खाणाऱ्यांना झटक्याचा धोका, जेमतेम अर्धा वेळा खाणाऱ्यांपेक्षा 67 टक्क्यांनी कमी दिसला. सूर्यफुलाच्या तेलापेक्षा मोहरीच्या तेलात रांधणाऱ्यांचा धोका निम्म्याच्या आसपास. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण वीस वर्षं जुना, याच शहरातला पुरावा समोर असताना तक्त्यात किनवा येतो कुठून? बहुधा जिथून तो गुळगुळीत कागद येतो तिथूनच.

मोहरीचं तेल म्हटलं की माझ्या वयाच्या दिल्लीकर बाईला 1998 चा ऑगस्ट आठवतो. आम्ही तेव्हा करोलबागेत राहत होतो. माणसांचे पाय सुजायला लागले, धाप लागायला लागली. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या, म्हणजे इकडच्या भाषेत सत्यानाशीच्या, बियांचं तेल मिसळलेलं होतं. ड्रॉप्सीची साथ. साठाहून अधिक माणसं गेली, हजारो आजारी पडली. सुट्या तेलावर बंदी आली आणि आमच्या गल्लीनं एका रात्रीत पिंपातल्या तेलाकडे पाठ फिरवून बंद बाटलीची आरती सुरू केली. भीती रास्तच होती. पण भेसळीची भीती हळूहळू मोहरीवर चिकटली, आणि बाटलीवर लाल हृदय काढलेलं असलं की आतलं तेल कितीही ओतायला मोकळीक, असा नवाच धर्म निघाला. तेल कुठलं, यावर दिल्लीत माणसं तासभर वाद घालतात. किती, हा प्रश्न कुणी विचारत नाही. कुठल्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊच कॅलरी असतात, मग बाटली दीडशेची असो की पंधराशेची.

2025 च्या जानेवारीत आणि पुन्हा फेब्रुवारीत पंतप्रधानांनी तेल दहा टक्क्यांनी कमी करा म्हणून सांगितलं. त्याच उन्हाळ्यात आरोग्य मंत्रालयानं सगळ्या खात्यांना पत्र धाडलं, की कचेऱ्यांत तेल-साखरेचे फलक लावा. समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार अशी आवई उठली, आणि जुलैत सरकारला 'तसं काही नाही' असा खुलासा करावा लागला. मी ह्यांना विचारलं, "अहो, दहा टक्के कमी करायचं म्हणतात. आपल्या घरी महिन्याला तेल किती लागतं?" बराच विचार करून म्हणाले, "पाच किलो?" दोन माणसांचं घर! आमच्याकडे एक लिटर महिनाभर पुरतं, म्हणजे माणशी रोज साधारण तीन चमचे. ज्याला शंभर टक्के म्हणजे किती ते ठाऊक नाही, तो दहा टक्के कशातून वजा करणार?

तेलाबद्दल एक साधी गोष्ट कुठल्याच तक्त्यात लिहिलेली नसते. तेल हे वेळेचं दुसरं नाव आहे. कांदा मंद आचेवर, अधूनमधून पाण्याचा हबका मारत परतला तर एका चमच्यात गुलाबी होतो. वीस मिनिटं लागतात, शेजारी उभं राहावं लागतं. तोच पाच मिनिटांत करायचा तर डावभर तेल ओता. गुडगावात माझ्या लेकीच्या सोसायटीत स्वयंपाकाला येणारी दीदी सकाळी पाच घरं करते, घरटी पाऊण तास. पाऊण तासात दोन भाज्या, डाळ आणि बारा पोळ्या. ती तेल ओतणार नाही तर काय करणार? जावईबापू तिला रोज बजावतात, "दीदी, ऑइल कम." पैसे पाऊण तासाचेच. मग दहा मिनिटांत दारात येणारा सॅलडचा डबा मागवतात आणि त्यावरच्या पांढऱ्या सॉसमध्ये काय आहे ते वाचत नाहीत. एअर फ्रायर घेतलाय. त्यात गोठवलेले फ्रेंच फ्राइज करतात.

वेळ कुणाचा, यावर सगळं येऊन ठेपतं. सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. आणि हे 88 कुणाचे? जे पुरुष घरकाम करतात त्यांचे! जे काडीही हलवत नाहीत त्यांना सरासरीत धरलेलंच नाही. अशा देशात डॉक्टर 'घरचं ताजं खा' म्हणतात तेव्हा ते औषध पुरुषाला लिहितात आणि त्याची किंमत त्याच्या बायकोच्या नावावर लावतात.

बेचव म्हणजे पथ्य, हा समजही ज्यांनी कधी कढई हातात धरली नाही त्यांचाच. दिल्लीत 'झिरो ऑइल'वाल्यांचा एक पंथ आहे. त्यांच्या निष्ठेला नमस्कार, पण फोडणीचं शास्त्र त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं. हिंग, जिरं, मोहरी, कढीपत्ता यांचा वास पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. एका चमच्यात उतरतो. तो चमचा शेवटी वरून ओता, पातेलंभर आमटीला चव येते. तोच सुरुवातीला मसाल्याबरोबर रटरटा उकळलात तर वास उडून जातो आणि मग दुसरा चमचा लागतो. ताकातल्या चाकवतात हरभऱ्याची डाळ आणि मूठभर दाणे शिजवून घाला, डाळीच्या पिठाचं बोट लावा, वरून लसणाची फोडणी. दोघांना दोन चमचे तेल आणि पोटभर जेवण. भरताचं वांगं गॅसवर काळंठिक्कर होईपर्यंत भाजा, मग त्याला तेलाची नाही, कच्च्या कांद्याची गरज असते. आंबट, भाजकं आणि कडू या तीन गोष्टी माणसानं जिभेवर नीट वागवल्या तर तेलाला आणि मिठाला पाहुण्यासारखं वागवता येतं.

मिठाचं म्हणाल तर आपल्या पूर्वजांनी एक शहाणपण केलं होतं, ते आपण मागासलेपण म्हणून टाकलं. पानात वर मधोमध मीठ वाढायचं. भाजीत बेतानं घालायचं, वर ज्याला हवं त्यानं घ्यावं. दिसतं, मोजता येतं आणि जिभेला थेट लागतं म्हणून चिमूटभर पुरतं. आता ते पानातून गेलं आणि पापडात, फरसाणात, पावात, सॉसमध्ये लपून बसलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आमच्या हळदीकुंकवाच्या एका बशीत चकली, चिवडा आणि लोणचं मिळून त्यातला मोठा वाटा संपतो, आणि त्याच बशीवर वाकून मैत्रिणी सांगतात, "मी ना, सैंधवच वापरते." वापरा हो. तेही सोडियम क्लोराइडच आहे, गुलाबी साडी नेसलेलं. पोटॅशियम मिसळलेलं मीठ खरंच वेगळं असतं. चीनमधल्या सहाशे खेड्यांत, जवळपास एकवीस हजार माणसांवर ते पाच वर्षं आजमावलं, पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. पण किडनीचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. ही शेवटची ओळ व्हॉट्सअॅपवर कधीच पुढे पाठवली जात नाही.

दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका साधारण 53 व्या वर्षी येतो, इतर देशांत 59 च्या आसपास, असं 52 देशांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. म्हणजे आपला माणूस नोकरीत असतानाच पडतो. पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याच्या पथ्याची. आणि तेवढी वर्षं त्याला आमटीत हिंग कधी घालतात हे शिकायला पुरत नाहीत?

म्हणून मी तक्ता फ्रिजला चिकटवला नाही. ह्यांच्या टेबलावर ठेवला, वर चिठ्ठी लावून: 'आवश्यक कार्यवाहीसाठी.' दोन दिवस फाइल हलली नाही. तिसऱ्या दिवशी मी दोघांची खिचडी केली, बिनमिठाची, बिनतेलाची, आहारतज्ज्ञ बाईंच्या हुकमाप्रमाणे. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "हे असं रोज?" मी म्हटलं, "मला येतं ते एवढंच. चव हवी असेल तर ओट्यापाशी या."

आले. पहिली मोहरी जळली, इतकी की शेजारच्या मिसेस चड्ढांनी बेल वाजवली. दुसरी तडतडलीच नाही. पोळ्यांबद्दल न बोलणं बरं. सकाळच्या फेरफटक्यातल्या मित्रांनी 'भाभीजींनी कामाला लावलं' म्हणून टवाळी केली, त्यातल्या दोघांच्या छातीत स्टेंट आहेत आणि दोघांच्याही घरी बायका तक्ते सांभाळतायत. पण हात हळूहळू बसला. आता बुधवारच्या बाजारात हे स्वतः बथुआ निवडतात, कोवळा आहे का ते देठ मोडून बघतात, भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतात.

काल संध्याकाळी मी दिवाणखान्यात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. स्वयंपाकघरातून हिंगाचा वास आला, मग हाक. "अगं, मीठ किती घालू?"

मी पान उलटलं.