रक्तातला विळा कोणी राखला?



मागे एका वधू-वर परिचय मेळाव्यात नावनोंदणीच्या टेबलावर एक गृहस्थ आले. मुलीचे वडील, रेल्वेतून निवृत्त. फॉर्मवरच्या 'सिकलसेल तपासणी' या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, निसर्ग चांगले तेवढे ठेवतो अन् वाईट काढून टाकतो, असे शाळेत शिकवतात. मग हा रोग आमच्याच रक्तात कसा काय ठेवला?"

प्रश्न रास्त आहे. मी हिशेबाचा माणूस. पण याचे उत्तरही एका हिशेबातच आहे.

आपल्या तांबड्या रक्तपेशी गोल आणि मऊ असतात, बारीक नसांतूनही वाकून निघून जातात. त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक पडला, की प्राणवायू कमी होताच पेशी विळ्यासारखी वाकते आणि नसेत अडकते. सिकल म्हणजे विळाच. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही सदोष असल्या तर रोग: अंगात रक्त राहत नाही, हाडे-सांधे ठणकतात, दवाखाना सुटत नाही. एकच सदोष असेल तर माणूस 'वाहक'. तो राबतो, खेळतो, संसार करतो. आपण वाहक आहोत हे त्याला बहुधा ठाऊकही नसते.

१९५४ साली अँथनी ॲलिसन या डॉक्टरने यातले कोडे सोडवले. त्याचे बालपण केनियात गेले होते. पूर्व आफ्रिकेत रक्त तपासताना त्याला दिसले, की समुद्रकाठी आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी, जिथे हिवताप फार, तिथे वाहक पुष्कळ. उंच, थंड डोंगराळ भागात जवळजवळ नाहीत. वाहक मुलाला हिवताप होतो, पण तो जीव घेण्याइतका जोर सहसा धरत नाही. आता हिशेब मांडा. हिवतापाच्या मुलखात साध्या रक्ताची कितीतरी मुले तापाने जात. दोन्ही प्रती सदोष असलेली सिकलसेलने जात. मधली, म्हणजे वाहक, त्यातल्या त्यात जास्त वाचत. त्यांची लग्ने होत, त्यांना मुले होत. म्हणून ते जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. निसर्गाने चांगले-वाईट पाहिलेच नाही. त्या जागी, त्या तापात कोण तगतो, एवढाच त्याचा निवाडा. ताप हटला, की तेच जनुक नुसते ओझे होते.

भारतात हे रक्त १९५२ साली निलगिरीकडच्या आदिवासींत आढळले आणि १९५८ साली नागपूरकडची नोंद झाली. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा म्हणजे जंगल, तलाव आणि धानाच्या बांध्यांचा मुलूख. हिवताप इथला जुना रहिवासी. आणि 'आमच्याच' म्हणाल तर तसे नाही. गोंडांत आहे, बौद्धांत आहे, तेली-कुणब्यांत आहे; ग्रीसमध्ये आहे आणि सौदी अरेबियातही.

तरी कोणी म्हणेल, रक्त निराळे म्हणजे जातच निराळी. इथे आपल्या भाषेने घोळ केला आहे. विज्ञानाच्या पुस्तकात वाघ ही एक जाती, माणूस ही एक जाती. नवी जाती व्हायची तर एका समूहाचे दोन तुकडे डोंगर-समुद्राने तुटावे लागतात, दोघांत असे लहान लहान फरक साठावे लागतात, आणि शेवटी त्यांची एकमेकांपासून प्रजा होईनाशी व्हावी, नाहीतर घोडा-गाढवाच्या खेचरासारखी वांझ निपजावी. त्याला बहुधा लाखो वर्षे जातात. आपले आणि चिंपांझीचे पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. आणि आपली बेटीबंदी? हैदराबादच्या सीसीएमबी व अमेरिकेतील हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले, की सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथले समूह एकमेकांत सर्रास मिसळत होते. दरवाजे त्यानंतर बंद झाले. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडून ठेवले आहे.

आता लग्नाचे. एक वाहक आणि दुसरा साध्या रक्ताचा असेल तर मुलांना हा रोग होत नाही. मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी. तेव्हा मुलगी वाहक निघाली म्हणून स्थळ मोडू नका. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात रोगी मूल होण्याची शक्यता चारात एक. पहिले मूल रोगी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही. दर वेळी हिशेब नवा.

केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. सोल्युबिलिटी नावाची पहिली तपासणी थेंबभर रक्तावर होते, पण ती वाहक आणि रोगी यांतला फरक सांगत नाही. तीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या, आणि तो कागद लग्न ठरवण्याआधी दोन्ही घरांनी एकमेकांना दाखवा. मुलीचा मागायचा आणि मुलाचा दडवायचा, अशी घरे मी पाहिली आहेत.